आपले पान आपल्या हाती

माझे आजोबा पलटणीत होते. त्यांचे पत्र आले की आजी ते घेऊन गल्लीतल्या एका शिकलेल्या गृहस्थांकडे जाई. नवऱ्याचा मजकूर परक्याच्या तोंडून चार माणसांत ऐकायचा आणि उत्तरही परक्याच्याच हाताने लिहून घ्यायचे! १९७८ साली राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पुढे आमच्या भागात रात्रीचा वर्ग भरू लागला, तेव्हा आजी पाटी घेऊन बसली. तिला लेखिका व्हायचे नव्हते. आपले पत्र आपण लिहायचे होते, एवढेच.

मित्रहो, संकेतस्थळाच्या बाबतीत आपण बहुतेकजण रात्रवर्गापूर्वीच्या आजीसारखे आहोत. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत आहोत.

याचा अनुभव मला घरातच आला. माझी मावशी फराळाचे पदार्थ करून विकते. तिने एकाला पैसे देऊन संकेतस्थळ करून घेतले होते. पुढे तिचा फोन नंबर बदलला. तो पानावर बदलून घेण्यासाठी त्या गृहस्थांना किती निरोप धाडले, पण उत्तर नाही, पासवर्डही त्यांच्याचकडे. ऐन दिवाळीत गिऱ्हाईक जुन्याच नंबरावर फोन करीत राहिले आणि चकल्यांचे डबे घरात पडून राहिले. दहा अंकांची दुरुस्ती, पण ती आपल्या हाती नव्हती!

त्या सुट्टीत मी वेबपान लिहायला शिकलो. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९३ साली त्या संस्थेने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. म्हणून वेबपान लिहायला कुणाचा परवाना लागत नाही. एचटीएमएल म्हणजे मजकुराला लावलेल्या खुणा : हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा. रंगरूपासाठी सीएसएस आहे, पण ते मागाहून. आरंभाला संगणकातले साधे नोटपॅड आणि ब्राउझर पुरतात.

माझ्या पहिल्या पानावर मात्र मराठी अक्षरांऐवजी किडेमुंग्या उमटल्या! मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेला आहे, हे मी ब्राउझरला सांगितलेच नव्हते. तेवढी एक ओळ घातली आणि ‘चकली’ वाचता आली. शेजारच्या अक्कांनी तोच मजकूर कन्नडमध्ये लिहून दिला. मराठी भागाला ‘एमआर’ आणि कन्नड भागाला ‘केएन’ अशी भाषेची खूण मी लावली. अंध व्यक्तींना पान वाचून दाखवणारी यंत्रणा या खुणेवरून योग्य उच्चार निवडू शकते. आपल्या बेळगावात ही खूण किती मोलाची!

कोणी म्हणेल, आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती क्षणात पान लिहून देते. मग शिकण्याचा खटाटोप कशाला? मीही तिची मदत घेतो. पण लिहून देणारा कितीही हुशार असला, तरी आपल्या नावाने काय लिहिले गेले ते आपल्याला वाचता यायला नको का?

कोणी म्हणेल, समाजमाध्यमांवर फुकट जागा मिळते. मिळते, पण ती भाड्याची खोली आहे. ‘जिओसिटीज’वर असंख्य लोकांनी हौसेने पाने मांडली होती. २००९ साली याहूने जपानखेरीज इतरत्र ती सेवा बंद केली. ज्यांनी आपल्या पानांची नक्कल जवळ ठेवली होती, त्यांना ती दुसरीकडे मांडता आली. म्हणून फाइलची नक्कल आपल्या घरी असावी आणि संकेतस्थळाच्या पत्त्याची नोंदणीही आपल्याच नावावर असावी.

सर्वांनी संगणक अभियंते व्हावे, असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक वर्गाने वर्षातून एक तरी सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये वेबपान म्हणून लिहावी. तेवढ्यानेही पुष्कळ साधेल.

यंदा चिवड्याचा भाव मावशीने स्वतः बदलला. फाइल उघडली, जुना आकडा खोडला, नवा घातला आणि पान पुन्हा चढवले. आजी शेजारी बसून पाहत होती. तिने एवढेच विचारले, “कुणाच्या दारात जावं लागलं नाही ना? मग झालं.”