उन्हाळ्यातल्या इटलीत मधुचंद्र: आराखडा असा आखा

लग्नाच्या धावपळीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोघांना दहा दिवसांत आठ शहरं दाखवणारा कार्यक्रम नको असतो. त्यांना एकमेकांसाठी निवांत वेळ हवा असतो. इटलीच्या उन्हाळ्यात तो मिळतो, पण ऊन, गर्दी आणि तिकिटं यांचा विचार घरीच करून निघालं तर. पुढची कृती जूनमधल्या अकरा रात्री धरून लिहिली आहे.

हाताशी ठेवा: दोघांचे पासपोर्ट, रजेच्या तारखा, इटलीचा नकाशा, एकूण खर्चाचा आकडा आणि शक्य असेल तर सहा महिन्यांची सवड.

कृती

१. आधी महिना ठरवा. वैशाखात लग्न असेल तर जूनचा पहिला पंधरवडा उत्तम. रोममध्ये तेव्हा सूर्य साडेआठनंतर मावळतो आणि संध्याकाळ हवी तेवढी लांबवता येते. २ जूनला प्रजासत्ताक दिनाचं संचलन कोलोसियमजवळच्या रस्त्यावर होतं, त्या दिवशी तिथलं दर्शन ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये रोम आणि फ्लॉरेन्सचा पारा अनेकदा ३५ अंशांवर जातो. १५ ऑगस्टच्या फेरागोस्तो सणाच्या आसपास तर इटालियन लोक समुद्राकडे जातात. तेव्हा शहरातल्या कित्येक लहान खाणावळी बंद असतात आणि किनाऱ्यावर जागा मिळत नाही. रजा ऑगस्टमध्येच मिळणार असेल, तर अर्धे दिवस डोलोमाइट्स पर्वतातल्या ओर्तिसेईसारख्या थंड गावाला द्या.

२. रात्री मोजा आणि मुक्काम चारवर थांबवा. हॉटेल बदललं की अर्धा दिवस सामान बांधण्यात आणि स्टेशनवर जातो. म्हणून अशी विभागणी करा: रोम ३, फ्लॉरेन्स ३, व्हेनिस २ आणि कोमो सरोवराकाठचं वारेन्ना ३ रात्री. शेवटचा मुक्काम मुद्दाम संथ ठेवला आहे. वारेन्नाहून बोटीने पाव तासात बेलाजिओला जाता येतं, बाकी वेळ पाण्याकाठी काढायचा.

समुद्रच हवा असेल तर फ्लॉरेन्स आणि व्हेनिस सोडा, रोमनंतर आमाल्फीचा किनारा घ्या. रोमहून वेगवान गाडीने सालेर्नोला उतरा आणि तिथून बोट धरा. आमाल्फी साधारण ३५ मिनिटांवर आहे, पोझितानो तासाभराहून थोडं जास्त. पोझितानोत पायऱ्याच पायऱ्या आहेत, म्हणून खोली घेण्यापूर्वी धक्क्यापासून किती चढायचं ते विचारून घ्या.

३. कागदपत्रं लग्नाआधीच लावा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अर्ज सादर करण्याच्या वेळा लवकर भरतात. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध हवा. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलण्याची सक्ती नाही. व्हिसा, विमा आणि विमानाचं तिकीट या तिन्हींवर पासपोर्टवर आहे तेच नाव येऊ द्या. नाव बदलायचंच असेल तर ते परतल्यावर बदला.

४. विमान एका शहरात उतरवा, दुसऱ्यातून पकडा. रोमला उतरून मिलानहून निघालात तर मागे फिरावं लागत नाही. मधला प्रवास रेल्वेने करा. रोम ते फ्लॉरेन्स सुमारे दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तास, व्हेनिस ते मिलान अडीच तास, आणि मिलानहून वारेन्ना तासाभरावर. फ्रेचारोस्सा आणि इतालो या वेगवान गाड्यांची तिकिटं लवकर घेतली तर स्वस्त पडतात. वारेन्नाच्या प्रादेशिक गाडीचं भाडं ठरलेलं असतं, ते आधी काढायची घाई नको. गाडी भाड्याने घेऊ नका. जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या वाहनांना बंदी असते आणि कॅमेऱ्यांनी टिपलेला दंड नंतर घरी येतो.

५. खोली निवडताना तीन प्रश्न विचारा. वातानुकूलन आहे का? लिफ्ट आहे का? आणि पलंग कोणता? एकच मोठा पलंग हवा असेल तर ‘मात्रिमोनियाले’ खोली मागा. ‘दोप्पिया’ म्हटलं की बहुधा दोन सुटे पलंग मिळतात. व्हेनिसमध्ये पुलापलीकडच्या मेस्त्रेत स्वस्तात खोल्या मिळतात, तरी बेटावरच राहा. दिवसाचे प्रवासी परतल्यावर रात्री आणि पहाटे मिळणाऱ्या रिकाम्या गल्ल्यांसाठीच तर तिथे जायचं. मुक्कामाचा शहर कर बहुतेक ठिकाणी वेगळा भरावा लागतो, तो हिशेबात धरा.

६. ठरावीक वेळेची तिकिटं आधी काढा. व्हॅटिकन संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडतात, पण तेव्हा गर्दी फार. फ्लॉरेन्सची उफ्फिझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड असलेली आकादेमिया सोमवारी बंद. रोमच्या बोर्गेझे कलादालनात आरक्षणाशिवाय प्रवेश नाही. कोलोसियमच्या तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट सोबत न्या. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणून पिशवीत एक ओढणी ठेवा.

७. दिवसाला एकच ठरलेली गोष्ट लिहा. सकाळी आठ ते बारा पाहणं, दुपारी खोलीत विश्रांती, सहानंतर पुन्हा बाहेर. दुपार रिकामी ठेवायला कचरू नका. उन्हातून वाचवणारी आणि दोघांना निवांत बोलू देणारी वेळ तीच आहे.

८. एक संध्याकाळ खास ठेवा. वेरोनाच्या रोमन रंगमंडलात १९१३ मध्ये ‘आयडा’ झाला, तेव्हापासून तिथे उन्हाळ्यात उघड्या आकाशाखाली ऑपेरा होतात. प्रयोग बऱ्याचदा मध्यरात्र उलटून संपतो. व्हेनिस-मिलान मार्गावरच हे शहर आहे, तेव्हा वारेन्नाची एक रात्र कमी करून तिथे राहा. एवढ्यापुरता पाचवा मुक्काम चालेल. वसई किंवा गोव्यातल्या कॅथलिक जोडप्यांनी पोपच्या बुधवारच्या सभेतल्या नवविवाहितांच्या जागांची आधीच चौकशी करावी. चर्चमधल्या विवाहाचा दाखला सोबत न्यावा.

९. खाण्याचं ठरवून ठेवा. शाकाहारी असाल तर ‘स्यामो वेजेतारियानी’ एवढं पाठ करा. टोमॅटोचा पास्ता, वांग्याची पार्मिजाना आणि मार्गेरिता पिझ्झा सगळीकडे मिळतात. सूपमध्ये मांसाचा रस्सा असू शकतो, विचारून घ्या. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं. ते चालत नसेल तर चीज नसलेला मारिनारा पिझ्झा मागा. बिलात ‘कोपेर्तो’ दिसेल, ती माणशी बसण्याची आकारणी आहे.

१०. शेवटी आराखडा दोघांनी मिळून वाचा. प्रत्येकाने आपल्याला हवीच अशी एक गोष्ट निवडावी, तिला हात लावायचा नाही. उरलेल्यांपैकी निदान दोन गोष्टी खोडा. मग तिकिटांच्या छापील प्रती काढा, एक संच घरच्यांकडे द्या आणि बॅगा भरायला घ्या.