लोकलहोस्टची लिंक मैत्रिणीला का उघडत नाही?

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लॅपटॉपवर लॅरागॉन (लॅपटॉपलाच वेब सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय. ‘लोकलहोस्ट’ची लिंक मैत्रिणीला पाठवली, पण तिला उघडत नाही. माझी साइट इंटरनेटवर गेलीच नाही का?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर, पुणे

उत्तर : गेली नाही, आणि तूर्त ते बरंच आहे! लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१, ज्याचं त्याचं स्वतःचं यंत्र. लिंक उघडताच मैत्रिणीचा फोन स्वतःतच सर्व्हर शोधतो. दोघी एकाच वायफायवर असाल, तर लॅपटॉपचा आयपी पत्ता (बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा) आणि पुढे फोल्डरचं नाव तिला द्या. विंडोज फायरवॉलमध्ये सर्व्हरला फक्त ‘प्रायव्हेट’ नेटवर्कवर परवानगी द्या. होस्टेलच्या वायफायवर हे अनेकदा जमत नाही. तसं झालं, तर तिच्या फोनच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडा आणि नवा पत्ता बघा. त्याआधी एक काम मात्र कराच : लॅरागॉनसोबत येणाऱ्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या ‘रूट’ खात्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो, तो घाला. दूरच्या कुणाला दाखवायचं असेल, तर सरळ होस्टिंग घ्या.