टोचणाऱ्याचा पत्ता माहीत हवा

सानगडी आणि आसपासच्या गावांत मी परिचारिका म्हणून नोकरी केली. लसीकरणाच्या दिवशी बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आया हमखास विचारायच्या, "सिस्टर, कान कधी टोचू जी?" निवृत्त झाले तरी हा प्रश्न घरापर्यंत येतोच. आता बाळाच्या आईसोबत तिची कॉलेजात जाणारी बहीणही येते. तिला कानाच्या वरच्या कडेला, नाकात, कधी बेंबीवरही टोचून हवं असतं. मी कोणाला नको म्हणत नाही. नटण्याची हौस असावीच. पण दवाखान्यात जे पाहिलं, त्यावरून काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत, त्या सांगते.

१. चौथ्या दिवशी ज्याच्याकडे परत जाता येईल, त्याच्याकडेच टोचा.

टोचणं मिनिटाभराचं काम. सूज, ठणका, पू हे सगळं दोन-चार दिवसांनी सुरू होतं. गावचा सोनार तेव्हाही आपल्या दुकानात बसलेला असतो. त्याला आपलं घर माहीत असतं, आपल्याला त्याचं. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. तिथे बांगड्या-बाळ्यांच्या दुकानाशेजारी कोणी टोचून देणाराही बसतो, आणि तुमचा कान सुजतो तेव्हा तो दुसऱ्याच गावच्या मंडईत असतो. आपल्याकडे टोचणाऱ्यासाठी डॉक्टरसारखी नोंदणी नाही, भिंतीवरचं प्रमाणपत्र कोणीही छापून घेऊ शकतो. म्हणून माणूस सापडणारा असावा, ही माझी पहिली अट.

२. सोनाराचा हात चांगला, पण पाळीपुरता.

जुना सोनार काम कसं करतो ते जवळून पाहा. आधी दोन्ही पाळ्यांवर ठिपके देतो, बाळाला समोर धरायला सांगून ते एका रेषेत आहेत का बघतो. सोन्याच्या तारेचं टोक कानशीनं घासून धारदार करतो, पाळी दोन बोटांत ताणतो, तार आरपार काढतो आणि तिथेच वळवून तिची बाळी करतो. टोचणारी तार त्याच कानात राहते, दुसऱ्याच्या कानात जात नाही. या पद्धतीचा हा मोठा गुण. धोका उरतो तो त्याची बोटं, चिमटा आणि तेलाची वाटी यांचा. तेव्हा साबणानं हात धुवायला सांगा, हातमोजे आपणच न्या. तार आणि चिमटा वीस मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायला सांगा आणि वाटीतलं तेल लावू देऊ नका. संकोच करू नका. चांगला कारागीर रागावत नाही.

सुश्रुतसंहितेत कान टोचण्यावर अख्खा अध्याय आहे. बाळ सहाव्या किंवा सातव्या महिन्यात असताना, पाळी उन्हासमोर धरून, जिथून उजेड आरपार दिसतो तिथे टोचावं असं त्यात सांगितलं आहे. रक्त फार आलं, वेदना फार झाली, तर जागा चुकली असं समजावं. पाळी उजेडात धरून शीर टाळण्याची ही रीत आजही उपयोगी आहे.

३. लशी आधी, बाळी नंतर.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट लस पूर्ण होऊ द्या. तिच्यात धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी या दोन्हींपासून संरक्षण आहे, आणि अस्वच्छ सुईतून जे आजार येऊ शकतात त्यांत हे दोन आहेत. बारशालाच कान टोचायचा हट्ट करणाऱ्या आजीबाईंना मी हेच सांगत आले. मोठ्या मुलींनी दहा आणि सोळा वर्षांची टीडी लस घेतली आहे का, ते पाहावं. मधुमेह असेल, हृदयाच्या झडपेचा आजार असेल किंवा सिकलसेल असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल बराच आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. घरात कोणाच्या जखमेवर गाठीसारखा वण वाढत असेल, तर तेही सांगा. तसा वण पाळीवर फार लवकर येतो.

४. कानाची वरची कड हे वेगळंच काम आहे.

इथे मला थोडं थांबायचं आहे. पाळी मांसल असते, तिच्यात रक्त खेळतं, ती सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरची कड कूर्चेची. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातूनच तिचं पोषण होतं. तिथे जंतू शिरले तर आवरण आणि कूर्चा यांच्यात पू साठतो, पोषण तुटतं आणि कूर्चा मरते. मग कान चुरगळल्यासारखा होतो, तो पुन्हा आधीसारखा होत नाही.

आमच्या नात्यातल्या एका मुलीनं शहरात शिकताना कानाच्या कडेला टोचायच्या बंदुकीनं खडा बसवून घेतला. ती गावी आली तेव्हा कानाचा वरचा भाग लालबुंद, गरम, वरची घडी सुजेनं भरून गेलेली आणि खालची पाळी मात्र अगदी नेहमीसारखी. कूर्चेच्या संसर्गाची ही खूण लक्षात ठेवा. तिला नागपूरला नेऊन पू काढावा लागला. कान वाचला, पण कड थोडी दबलेलीच राहिली.

बंदूक बोथट खडा जोरानं आत घुसवते, त्यात कूर्चा चिरडते. शिवाय बंदुकीचा प्लास्टिकचा भाग ऑटोक्लेव्हच्या १२१ अंश वाफेत टिकत नाही, स्पिरिटनं पुसून तो निर्जंतुक होत नाही. बुगडी असो की पोरांची भिकबाळी, ती पोकळ सुईनंच टोचावी, आणि तीही कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे किंवा जाणत्या स्टुडिओत. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. ऑटोक्लेव्ह कुठे आहे ते विचारा. वापरलेली सुई कुठे टाकता, हेही विचारा. ती सुई आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात जायला हवी. ती कचऱ्याच्या टोपलीत पडताना दिसली, तर उठून या. रक्तपेढीसुद्धा रक्तदात्याला अलीकडे टोचून घेतलं का, हे विचारते. ते काही उगाच नाही.

५. पहिला दागिना मंडईतला नको.

खोट्या दागिन्यांतलं निकेल ताज्या जखमेत गेलं की ॲलर्जी होऊ शकते, आणि ती बहुधा जन्मभर सोबत राहते. सोनं घ्यायचं तर ओळखीच्या सोनाराकडून पावती करून घ्या, कारण दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही आणि बाळाची बाळी तेवढी जड नसते. स्टुडिओत टोचणार असाल तर इम्प्लांट दर्जाचं टायटॅनियम मागा. दांडी सुजेला जागा देईल इतकी लांब असावी. घट्ट फिरकी पाळीत रुतलेली मी अनेकदा काढली आहे.

६. हळद-तेल स्वयंपाकघरातच राहू द्या.

आजी प्रेमानं लावते, मला ठाऊक आहे. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तेलानं भोक बुजतं. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साईड नव्या पेशी जाळतात. औषधाच्या दुकानात ०.९ टक्क्याचं सलाईन मिळतं. दिवसातून दोनदा त्यात भिजवलेल्या स्वच्छ गॉजनं पुढून-मागून पुसा. हात धुतल्याशिवाय बाळी फिरवू नका. खरं तर फिरवूच नका. बाळी काढून कडुनिंबाची काडी घालण्याची घाई नको. पाळी दोन महिने, नाक चार ते सहा महिने आणि कड किंवा बेंबी वर्षभर घेते. तोवर दागिना बदलू नका.

७. रोवणीच्या दिवसांत टोचू नका.

चिखलाचे हात, घाम, ओला पदर. तलाव-बोडीत पोहणंही जखम भरेपर्यंत बंद. धान कापून झाल्यावरची थंडी टोचायला बरी.

८. थोडा पिवळसर चिकट स्राव आणि सुरुवातीची थोडी लाली घाबरण्यासारखी नाही.

पण लाली पसरत गेली, हिरवट पू आला, ताप चढला किंवा कानाची वरची कड गरम होऊन दुखू लागली, तर घरी बाळी ओढून काढू नका. भोक वरून बंद होऊन पू आत कोंडतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. साकोलीची गाडी चुकली तर दुसरी पकडा, पण उद्यावर टाकू नका.