दुर्मिळ तबकड्यांचा शोध

'नॉर्दर्न सोल' हे नाव प्रथम कानी पडले तेव्हा ती अमेरिकेच्या उत्तर भागातील एखादी गायनपद्धती असावी, असा आमचा समज झाला. वस्तुतः यातील गाणी अमेरिकेची असली, तरी 'उत्तर' मात्र इंग्लंडची आहे. मँचेस्टर, विगन, स्टोक-ऑन-ट्रेंट, ब्लॅकपूल अशा गावांतील तरुण कामगारांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांची, त्यांच्या स्वतःच्या देशात न खपलेली गाणी उचलून धरली आणि त्यांच्याभोवती एक नवी नृत्यपरंपरा उभी केली. जे गाणे कोणी ऐकले नव्हते त्यालाच येथे सर्वांत अधिक मान होता. ही गोष्ट घडली कशी, ते पाहण्याजोगे आहे.

'सोल' म्हणजे आत्मा. ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांतील भक्तिगीते आणि 'रिदम अँड ब्लूज' हे लौकिक गायन यांच्या मिलाफातून ही गायकी निघाली. मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली कुटुंबाकडून ८०० डॉलर उसने घेऊन एक ध्वनिमुद्रण कंपनी काढली. तीच पुढे 'मोटाउन' या नावाने जगभर गाजली. तिचे यश पाहून डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया येथे कितीतरी लहान कंपन्या निघाल्या. एखादा होतकरू गायक, भाड्याचे ध्वनिमुद्रणगृह आणि काही शे तबकड्या, एवढाच त्यांचा पसारा. तबकडी नभोवाणी केंद्राकडे धाडावयाची. केंद्राने वाजविली तर नशीब उघडले, नाही तर माल गोदामात पडला. बहुतेकांच्या वाट्यास गोदामच आले.

इकडे मँचेस्टरच्या 'ट्विस्टेड व्हील' या नृत्यगृहात १९६३ पासून अशी अमेरिकन गाणी वाजू लागली होती. आठवडाभर गिरणीत वा कारखान्यात राबून शनिवारी रात्रभर नाचणाऱ्या या तरुणांना द्रुत लयीचे, ठसठशीत ठेक्याचे गाणे हवे असे. परंतु १९६८ च्या सुमारास अमेरिकेतील अभिरुची पालटली. तेथे 'फंक' नावाचे निराळ्या चालीचे संगीत पुढे आले व जुन्या धाटणीची गाणी निघणे कमी झाले. लंडनमध्ये तबकड्यांचे दुकान चालविणारे लेखक डेव्ह गॉडिन यांच्या ध्यानात आले की, उत्तरेकडून येणारी गिऱ्हाइके नवा माल पाहतच नाहीत, जुनाच मागतात. त्यांच्या या आवडीला दुकानात एक खुणेचा शब्द हवा म्हणून त्यांनी 'नॉर्दर्न सोल' हे नाव योजिले.

नाचणाऱ्यांना तर दर आठवड्यास काही नवीन पाहिजे, आणि नवीन निघत नाही. तेव्हा नवे ते जुन्यातच शोधणे भाग पडले. तबकड्या वाजविणारे डीजे व संग्राहक अमेरिकेस जाऊन गोदामे धुंडाळू लागले. मिनिटास ४५ फेरे घेणाऱ्या, सात इंच व्यासाच्या तबकड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे चाळावयाचे आणि त्यांतून एखादे रत्न निवडावयाचे, असा हा उद्योग होता.

येथेच एक अशी प्रथा पडली की जिच्याविषयी आमचे मन अद्याप साशंक आहे. आपल्या हाती आलेले गाणे दुसऱ्या डीजेस मिळू नये म्हणून तबकडीवरील नावाचा कागद झाकून टाकीत व गायकाचे खोटेच नाव सांगत. शोधणाऱ्याचे श्रम मोठे, हे खरे. तथापि त्या श्रमांच्या रक्षणासाठी ज्याचा कंठ त्याचेच नाव पुसावे, हे काही आम्हांस पटत नाही. आधीच ज्याला यश लाभले नाही, तो गायक परदेशात गाजत असतानाही अनामिकच राहिला.

फ्रँक विल्सन यांचे उदाहरण घ्या. त्यांनी १९६५ मध्ये मोटाउनसाठी 'डू आय लव्ह यू' हे गाणे गायिले. ते तेव्हा बाजारात आलेच नाही. प्रायोगिक प्रती नष्ट करण्यात आल्या आणि विल्सन इतर गायकांची गाणी बसविण्याच्या कामास लागले. पुढे वाचलेली एक प्रत इंग्लंडात पोहोचली व गाणे तुफान गाजले, पण 'एडी फॉस्टर' या बनावट नावाने! १९७९ साली ब्रिटनमध्ये ते रीतसर प्रकाशित झाले, तेव्हा कोठे खरे नाव लोकांपुढे आले. या तबकडीच्या ज्ञात मूळ प्रती दोन-तीनच आहेत. त्यांपैकी एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांस विकली गेली, आणि २०२० मध्ये एका प्रतीस १,००,००० पौंड मिळाले. विल्सन २०१२ मध्ये निवर्तले. जुन्या तबकडीच्या पुनर्विक्रीतून गायकास काही मिळत नाही, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे.

किंमत चढली की नकलाही निघतात. म्हणून अनुभवी संग्राहक प्रथम कागद पाहत नाही. तबकडी उजेडात तिरकी धरून, शेवटची खोबण व मधला कागद यांमधल्या गुळगुळीत पट्ट्यावर उमटविलेली अक्षरे व आकडे तो तपासतो. मूळ प्रतीवर ठशाने उमटलेली खूण नकलेवर पुष्कळदा हाताने खरडलेली आढळते. पदार्थही पाहावा लागतो. विनाइल लवचिक असते. अमेरिकेतील अनेक तबकड्या मात्र पॉलिस्टायरिनच्या. त्या ठिसूळ असतात आणि जड सुईखाली लौकर झिजून खरखरू लागतात. आपल्याकडे माळ्यावर लाखेच्या जुन्या तबकड्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना ही काळजी निराळी सांगावयास नको.

सर्वांचीच कथा विल्सन यांच्यासारखी नाही. शिकागोचे मेजर लान्स १९७२ मध्ये इंग्लंडात येऊन राहिले आणि स्टोकच्या 'टॉर्च' नृत्यगृहात भरगच्च श्रोत्यांपुढे गायिले. ग्लोरिया जोन्स यांचे 'टेन्टेड लव्ह' १९६५ मध्ये एका तबकडीच्या मागल्या बाजूस निघाले व विस्मृतीत गेले. रिचर्ड सर्लिंग यांनी १९७३ च्या अमेरिकादौऱ्यात ते मिळविले, आणि १९८१ मध्ये 'सॉफ्ट सेल' या इंग्रज जोडीने ते पुन्हा गाऊन ब्रिटनमध्ये अग्रस्थानी नेले.

या सर्व हालचालींचे केंद्र म्हणजे 'विगन कॅसिनो'. नाव कॅसिनो असले तरी तेथे जुगार नव्हता, आणि या रात्रींना मद्यही मिळत नसे. २३ सप्टेंबर १९७३ रोजी तेथील पहिली रात्र झाली. रात्री दोनला आरंभ व सकाळी आठला शेवट, असा क्रम असे. पाय सहज घसरावा म्हणून लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर टाकीत, आणि जोडीदारावाचून एकेकटे गिरक्या घेत, पाठीवर कोसळून पुन्हा उसळून उभे राहत. जागरणासाठी काही जण उत्तेजक गोळ्या घेत. त्यांपायी या चळवळीची पुष्कळ बदनामी झाली, व ती अगदीच अनाठायी होती असे म्हणता येत नाही.

दर रात्रीची अखेर ठरावीक तीन गाण्यांनी होई. ६ डिसेंबर १९८१ रोजी, कॅसिनोच्या शेवटच्या रात्री, ती तिन्ही वाजून झाली तरी कोणी दाराकडे वळेना. तेव्हा आणखी एक तबकडी लावण्यात आली. ती फ्रँक विल्सन यांची होती.