ठरलेल्या कुस्तीला रडू का येतं?

प्रश्न : आमचे सासरे कुस्तीचे जुने शौकीन. तरुणपणी हल्याळपासून बेळगावपर्यंतची सगळी मैदानं त्यांनी पायाखाली घातलेली. परवा माझा मुलगा मोबाईलवर अंडरटेकर हरतो ती जुनी कुस्ती बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सासरे म्हणाले, “निकाल आधीच ठरलाय, त्याला कसलं रडतोस?” पण खाशाबा जाधवांची गोष्ट सांगताना त्यांचा स्वतःचा आवाज दरवेळी कापरा होतो. ठरलेल्या कुस्तीला माणसं रडतात तरी का? आणि खरं रडू कुणाचं, आजोबांचं की नातवाचं?
— एक वाचक, कुळगी (ता. जोयडा)

उत्तर : सासऱ्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. या अमेरिकी कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं आणि ते आता गुपितही राहिलेलं नाही. 1989 मध्ये ती भरवणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी न्यू जर्सीच्या सिनेटपुढं कबुली दिली, की आमचा खेळ ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे. प्रामाणिकपणाचा झटका वगैरे काही आला नव्हता. राज्याच्या क्रीडा आयोगाचा ससेमिरा चुकवायचा होता, इतकंच.

पण निकाल ठाऊक असला म्हणजे रडू येत नाही, हे मात्र काही खरं नाही. तुमच्याच जिल्ह्यात घाटाखाली रात्ररात्र यक्षगान चालतं. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला की बाहेर येत नाही, हे पुढच्या रांगेतल्या पोरालाही माहीत असतं. तरी पहाटे तो पडतो तेव्हा बायाबापड्या डोळ्याला पदर लावतात. त्यांना कुणी खुळ्यात काढत नाही.

आता तुमच्या मुलाचा अंडरटेकर. रेसलमेनिया हे त्या कंपनीचं वर्षातलं सगळ्यांत मोठं मैदान. तिथं हा गडी 1991 पासून एकदाही हरला नव्हता. 21 कुस्त्या, 21 विजय. 6 एप्रिल 2014 ला न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रॉक लेस्नरनं त्याला तिसऱ्यांदा खांद्यावरून फिरवून आपटलं, पंचानं तीनदा चटईवर हात मारला आणि सगळं स्टेडियम गप्प झालं. विजेत्याचं संगीत वाजायलाही जरा वेळ लागला. मग फलकावर आकडे उमटले, 21-1. कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला तर कुणाच्या डोक्याला हात, कुणाचा आ वासलेला. आधी रडू नव्हतंच, आधी अविश्वास होता. कितीतरी पोरं या 21 विजयांसोबत लहानाची मोठी झाली होती. त्यांच्या लेखी तो आकडा म्हणजे आपलं बालपण होतं आणि ते त्या रात्री कुणीतरी चटईला पाठ लावून संपवलं. निकाल लिहिलेला होता, पण गेलेली वर्षं खरीच होती.

माझं मत विचाराल तर या ठरलेल्या कुस्तीत रडू येतं ते लिहिलेल्या गोष्टीला नाही. गोष्टीची शिवण उसवते आणि आतला माणूस दिसतो, तिथं येतं. याचा सगळ्यांत चांगला दाखला 30 मार्च 2008 चा, ऑरलँडोचा. रिक फ्लेअर त्या वेळी साठीला टेकलेला, केस पांढरेफेक. पुढची कुस्ती हरला की निवृत्ती, अशी अट घातलेली. समोर शॉन मायकल्स, जो लहानपणापासून फ्लेअरला मानत आला होता. शेवटी फ्लेअर कसाबसा उभा राहतो, मुठी वळतो, ‘ये’ म्हणून खुणावतो. त्याचे डोळे भरलेले. मायकल्स कोपऱ्यात थांबतो. ओठ हलतात, आवाज येत नाही, पण वाचता येतं : माफ कर, माझं प्रेम आहे तुझ्यावर. आणि मग हनुवटीवर लाथ. जिंकल्यावर तो म्हाताऱ्याला उचलायला थांबतसुद्धा नाही, कपाळाला ओठ लावतो आणि निघून जातो, मैदान त्याच्यासाठी सोडून. आपल्याकडं जिंकलेला गडी हरलेल्या वडीलधाऱ्या मल्लाच्या पाया पडतो, ते ज्यानं पाहिलंय त्याला इथं काय चाललंय हे समजावून सांगावं लागत नाही.

रडवण्याचा धंदाही यात असतो, हे मान्य करायला हवं. 1991 मध्ये मल्ल रँडी सॅवेज आणि त्याची जोडीदार मिस एलिझाबेथ यांचं पुनर्मिलन दाखवलं तेव्हा कॅमेरा मुद्दाम हुंदके देणाऱ्या बायकांवर नेला गेला. हळवं संगीत, संथ केलेली दृश्यं, हे सगळं हुकमी पाणी काढायला. सासऱ्यांचा राग यावर असेल तर मी त्यांच्या बाजूनं.

मात्र लिहिणाऱ्याच्या हातात सगळं नसतं. न्यूयॉर्कला 14 मार्च 2004 च्या रात्री एडी गरेरो आणि क्रिस बेन्वा या दोघा जिवलग मित्रांच्या हातात एकेक अजिंक्यपदाचा पट्टा होता. वरून रंगीत कागदांचा पाऊस, दोघं गळ्यात गळा घालून रडताहेत. गरेरो व्यसनातून उठून तिथवर पोचला होता, म्हणून लोकही रडले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2005 मध्ये, हॉटेलच्या खोलीत गरेरो गेला, वय 38. आणि 2007 च्या जूनमध्ये बेन्वानं बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला मारून स्वतःला संपवलं. आता ती मिठी कुणालाच नीट बघवत नाही.

आता सासऱ्यांचे खाशाबा. इथं काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणूनच ती गोष्ट इतकी लागते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल, अंगापिंडानं लहान, चपळाई मात्र विजेची. 1948 ला लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा आला. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावानं वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. मास्तरानं विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी राहतं घर गहाण टाकायचं! मला विचाराल तर सासऱ्यांचा आवाज कापरा होतो तो पदकापाशी नव्हे, इथं. पुढं मॅटवर, ज्याची आपल्या तांबड्या मातीतल्या पैलवानाला सवय नव्हती, जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती झाली. ती हरल्यावर दम घ्यायलाही वेळ न देता त्याला सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता, पण त्याच्या बाजूनं भांडायला त्या वेळी आपला कुणी अधिकारी तिथं नव्हता, असं सांगतात. तरी कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक असं ते पहिलंच ऑलिम्पिक पदक. गोळेश्वरला 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीनंतर या गड्यानं काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली, इनामाचे पैसे जमवले आणि प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. पोलिसात नोकरी केली. 1984 मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला आणि अर्जुन पुरस्कार आला तो मरणानंतर.

बेळगावचं नाव काढलंत म्हणून 1977 सांगितलंच पाहिजे. दिल्लीच्या गुरू हनुमानांचा पठ्ठा सतपाल तेव्हा महाराष्ट्राच्या मल्लांना भारी पडत होता. बेळगावच्या मैदानात गंगावेस तालमीत घडलेल्या हरिश्चंद्र बिराजदारानं त्याला अस्मान दाखवलं. आजही सीमाभागातले म्हातारे ही कुस्ती सांगताना बसल्या जागेवरून उठतात. तिथं संगीत नसतं, कॅमेरा नसतो. हलगी कडाडत असते, ती कुस्ती लागली की चढत जाते, आणि पाठ लागल्या क्षणी माणसांची भिंत हौद्यात कोसळते. जिंकलेला खांद्यावर जातो, माती उडते, फेटे उडतात. हरलेला कडेला बसून अंगावरची माती झटकत असतो आणि त्याच्याकडं फक्त त्याचा वस्ताद बघत असतो. मला स्वतःला मैदानात पाणी येतं ते या दुसऱ्या माणसाकडं बघून. त्याचा वर्षाचा खुराक, बदाम, तूप, बापानं काढलेलं कर्ज, सगळं त्या दोन मिनिटांत गेलेलं असतं.

तेव्हा खरं रडू कुणाचं? दोघांचंही. आजोबा किमतीला रडतात, नातू निरोपाला. हल्ली दोन्ही एकाच आठवड्यात बघायला मिळाली. 6 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये क्युबाच्या मिहाइन लोपेझनं पाचवं ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं, मॅटच्या मधोमध बसून बूट काढले आणि तिथंच ठेवून निघाला. कुस्तीत बूट ठेवणं म्हणजे संपलं, हे जगभर समजतं. त्याच दिवशी विनेश फोगटनं आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर न हरलेल्या युई सुसाकीला हरवलं, लागोपाठ आणखी दोघींना हरवून अंतिम फेरी गाठली. आणि दुसऱ्या सकाळी 50 किलोच्या काट्यावर 100 ग्रॅम जास्त भरलं. हे कुणी लेखकानं लिहिलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. सासऱ्यांना सांगा, हल्याळच्या आखाड्यात आता मुलीही उतरतात. एखादी कुस्ती जाऊन बघा, आणि नातवाला बरोबर न्या. त्याला मोबाईलवरच्या चटईचा आवाज माहीत आहे, मातीवर पाठ आदळते तो नाही.

मुलासाठी एक व्यवहाराची सूचना. या ठरलेल्या कुस्तीतल्या निरोपावर लगेच सगळे अश्रू खर्च करू नकोस. 2017 मध्ये अंडरटेकरनं हातमोजे, कोट आणि टोपी रिंगणात ठेवली, लोक ढसाढसा रडले, आणि पुढच्या वर्षी तो परत आला. फ्लेअर तर 2022 मध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी, ‘शेवटची कुस्ती’ म्हणून पुन्हा उतरला. तिकिटं खपली.