*यंत्र-सल्ला : टू-टी ऑईल महाग घेतलं म्हणजे झालं का?*



पाऊस सुरू झाला की बागेत गवत, बांधावर गवत आणि आपल्या ग्रुपवर एकच प्रश्न : "ग्रास कटरला कुठलं ऑईल घालू? सिंथेटिक चांगलं ना?" खाडीकाठच्या सभासदांचा प्रश्न थोडा वेगळा : "होडीच्या मशीनचं ऑईल उरलंय, तेच कटरला चालेल का?" दोन्हीचं उत्तर आज देतो. मेसेज थोडा मोठा आहे, पण पूर्ण वाचा. एक पिस्टन वाचला तरी वेळ वसूल आहे.

*आधी घडलेली गोष्ट*

गेल्या पावसाळ्यात आपल्या औजार बँकेतला एक ग्रास कटर जाम झाला. ज्या सभासदाने नेला होता, त्याच्यावर सगळ्यांनी बोट ठेवलं : "यानेच ऑईल न घालता चालवला." तो बिचारा सांगत होता की मिश्रण बँकेच्याच कॅनमधलं होतं, ऑईलही महागातलं, पूर्ण सिंथेटिक. मेकॅनिकने कॅनमधलं थोडं मिश्रण काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं. थोड्या वेळाने दोन थर स्पष्ट दिसले. वर ऑईलच्या रंगाचा थर, खाली फिकट थर. मे महिन्यात केलेलं मिश्रण जुलैत वापरलं होतं. झाकण सैल होतं आणि कॅन पागोळीखाली. चूक त्या सभासदाची नव्हतीच, कॅन ठेवणाऱ्या आपल्या सगळ्यांची होती. दुरुस्तीचा खर्च कंपनीने केला आणि त्या सभासदाची माफीही मागितली.

म्हणून लक्षात ठेवा : *ऑईल योग्य जातीचं, माप बरोबर आणि मिश्रण ताजं. तिन्ही हवीत.* एक चुकलं तर महाग ऑईलही वाचवत नाही.

*टू-स्ट्रोकला ऑईल पेट्रोलमध्ये का?*

मोटरसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ऑईल खाली वेगळं साठलेलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये तशी सोय नाही. पेट्रोलबरोबर जे ऑईल आत जातं, तेवढ्यावरच पिस्टन, सिलिंडर आणि बेअरिंग चालतात. नुसतं पेट्रोल गेलं की काही मिनिटांतच पिस्टनवर ओरखडे येतात आणि मशीन जाम.

⚠️ काही ग्रास कटर फोर-स्ट्रोक असतात. त्यांतल्या बहुतेकांना ऑईलची वेगळी जागा असते. *अशी वेगळी जागा असेल तर पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं नाही.* आधी मशीनवर बघा, मग मिसळा.

*१) जात ओळखा*

डब्यावर "सिंथेटिक" मोठ्या अक्षरात असतं, पण बघायची खूण बारीक अक्षरात असते.

✅ *ग्रास कटर, पाठीवरचा पॉवर स्प्रे पंप, चेन सॉ* : ही इंजिनं हवेने थंड होतात, म्हणून जास्त तापतात. डब्यावर *जासो एफडी* (नाही मिळालं तर *एफसी*) लिहिलेलं ऑईल घ्या. एफडी कार्बन कमी धरतं.

✅ *होडीचं आऊटबोर्ड मशीन* : हे पाण्याने थंड होतं. त्याला *टीसी-डब्ल्यू३* खूण असलेलं ऑईल लागतं. हे ऑईल जळल्यावर राख ठेवत नाही.

❌ अदलाबदल नको. होडीचं ऑईल तापणाऱ्या कटरमध्ये पुरं पडत नाही, रिंगा चिकटतात. कटरचं ऑईल होडीत घातलं तर त्यातल्या राखेने प्लग खराब होतो. दोन्ही डबे घरात असतील तर वेगवेगळ्या फळीवर ठेवा.

❌ ट्रॅक्टरचं किंवा मोटरसायकलचं इंजिन ऑईल टू-स्ट्रोकमध्ये कधीच नको. ते जळण्यासाठी बनवलेलं नाही.

ऑईलचा रंग निळा, हिरवा की लाल, यावरून जात कळत नाही. रंग फक्त पेट्रोलमध्ये ऑईल मिसळलंय हे ओळखण्यासाठी असतो.

*२) माप*

प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर असतं. हिशोब सोपा आहे :

▪️ ५०:१ → १ लिटर पेट्रोलला २० मिली, ५ लिटरला १०० मिली
▪️ ४०:१ → १ लिटरला २५ मिली, ५ लिटरला १२५ मिली
▪️ २५:१ → १ लिटरला ४० मिली, ५ लिटरला २०० मिली

अंदाजाने बुचभर घालू नका. जनावरांच्या औषधाची नवी, कोरडी सिरिंज घ्या. फवारणीच्या औषधाचं माप मात्र यासाठी वापरू नका.

"सिंथेटिक आहे, मग निम्मं घातलं तरी चालेल" हे ऐकू नका. सिंथेटिकमुळे धूर आणि कार्बन कमी होतो, पण माप पुस्तिकेतलंच. काही पुस्तिकांत दोन प्रमाणं असतात : चांगल्या ऑईलला ५०:१, साध्या ऑईलला २५:१. तिथे आपल्या डब्याची जात बघून ठरवा.

"थोडं जास्त घातलं तर बरं" हेही खरं नाही. जादा ऑईलने प्लग ओला आणि काळा होतो, सायलेन्सरचं तोंड कार्बनने बुजतं आणि मशीन ओढत नाही.

होडीवाल्यांनो, काही मोठ्या आऊटबोर्डला ऑईलची वेगळी टाकी असते आणि मशीन स्वतःच ऑईल घेतं. तिथे पेट्रोलमध्ये मिसळायची गरज नसते. आपल्या मशीनची पुस्तिका बघा.

*३) मिसळायची रीत*

१. बिडी, चूल, स्टोव्ह यांपासून लांब, मोकळ्या हवेत बसा.
२. पेट्रोलसाठी असलेला कोरडा कॅन घ्या. पाण्याची बाटली नको, चुकून कोणी तोंडाला लावेल.
३. आधी निम्मं पेट्रोल, मग मोजलेलं सगळं ऑईल. झाकण लावून चांगलं हलवा.
४. उरलेलं पेट्रोल घाला आणि पुन्हा हलवा.
५. मशीनच्या टाकीत थेट मिसळू नका. ऑईल तळाशी बसतं आणि मिश्रण सारखं होत नाही.
६. दर वेळी टाकी भरण्याआधी कॅन हलवा. गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतू नका.

*४) ताजेपणा : आपल्याकडे इथेच फसतं*

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतला पाईप तळातूनच ओढतो, म्हणजे इंजिनाला ऑईल नसलेला भाग जातो. आपल्या औजार बँकेत हेच झालं.

▪️ आठवड्याला लागेल तेवढंच मिसळा. महिन्यापेक्षा जुनं वापरू नका.
▪️ कॅनवर *तारीख, प्रमाण आणि ऑईलची जात* खडूने नाही, मार्करने लिहा.
▪️ शंका आली तर काचेच्या बाटलीत थोडं घेऊन १५ मिनिटं ठेवा. दोन थर दिसले की वापरायचं नाही. ते विहिरीजवळ, शेतात किंवा खाडीत ओतू नका, गॅरेजवाल्याला द्या.
▪️ मशीन काही आठवडे ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो.
▪️ अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्या मशीनचं काय, ते विक्रेत्याला विचारा. रबरी पाईप कडक किंवा फुगलेला दिसला तर लगेच बदला.

*५) प्लग काय सांगतो?*

कोरडा, तपकिरी : ठीक आहे.
ओला, काळा : ऑईल जास्त, चोक अडकलेला किंवा एअर फिल्टर घाण.
पांढरट : मशीन जास्त तापतंय. चालवणं थांबवा, मेकॅनिकला दाखवा.

📌 *आजचं काम :* घरातल्या ऑईलच्या डब्यावरच्या बारीक अक्षरांचा आणि मशीनच्या झाकणाचा फोटो ग्रुपवर टाका. जात आणि माप जुळतंय का, ते आपण मिळून बघू. औजार बँकेतून मशीन नेताना कॅनवरची तारीख वाचा. तारीख नसेल तर कॅन घेऊ नका, आणि देणाऱ्याने राग मानू नये.

शेजारच्या सभासदाकडे स्मार्टफोन नसेल तर त्याला हा मेसेज वाचून दाखवा. 🙏

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, औजार बँक विभाग