रोमन थाटाच्या भोजनगृहात जेवताना

प्राचीन रोमच्या थाटाची भोजनगृहे दोन जातींची असतात. पहिल्या जातीत रोम भिंतींवर आणि वाढप्यांच्या अंगावर असतो, ताटात मात्र आजचेच जेवण येते. न्यूयॉर्कमध्ये 1957 साली बारा सीझरांच्या नावाने निघालेले भोजनगृह हे याचे गाजलेले उदाहरण. तिथे वाइनची बाटली थंड करायचे भांडे रोमन शिरस्त्राणाच्या आकाराचे होते. लास व्हेगासचे सीझर्स पॅलेस 1966 मध्ये सुरू झाले आणि हा थाट जगभर ओळखीचा झाला. दुसऱ्या जातीची भोजनगृहे थोडी आहेत. रोममधल्या आप्पिया मार्गावर, पॉम्पेईच्या आसपास आणि जर्मनीतल्या झांटेनच्या पुरातत्त्व उद्यानात जुन्या ग्रंथांतल्या पाककृती रांधून वाढल्या जातात. दोन्हींचा आनंद वेगळा आणि किंमतही वेगळी. पहिल्या जातीच्या ठिकाणी दुसरीचे पैसे मोजले जाऊ नयेत, म्हणून आत शिरण्यापूर्वी हा फरक ओळखावा.

ओळख पटवायला मेनूकार्ड पुरते. टोमॅटो, बटाटा, मका, मिरची आणि ढोबळी मिरची हे सारे अमेरिका खंडातून, म्हणजे 1492 नंतर, युरोपात आले. ‘सम्राटाची मेजवानी’ या मथळ्याखाली टोमॅटोच्या रश्शातला पास्ता दिसला, तर ते आजचे इटालियन जेवण आहे. ते चविष्ट असू शकते, पण त्यासाठी ‘प्राचीन’ म्हणून जादा दर देण्याचे कारण नाही. सीझर सॅलडचाही रोमशी संबंध नाही. त्याचे नाव मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात उपाहारगृह चालवणाऱ्या सीझर कार्डिनी यांच्यावरून पडले आणि त्याचा जन्म 1924 चा मानतात.

खऱ्या प्रयत्नामागे बहुधा एकच ग्रंथ असतो. एपिसियसच्या नावाने ओळखला जाणारा हा पाकसंग्रह चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास आजच्या रूपात आला आणि त्यात चारशेहून अधिक कृती आहेत. त्यांत प्रमाणे क्वचितच दिलेली असल्याने मिरे किती, मध किती, हे प्रत्येक आचाऱ्याला स्वतः ठरवावे लागते. त्यामुळे ‘तंतोतंत तीच चव’ असा दावा कुणालाच करता येत नाही. पदार्थ कोणत्या ग्रंथातला, त्यात बदल काय केला, हे जिथले लोक आपणहून सांगतात, ते ठिकाण भरवशाचे समजावे. इ.स. 79 मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईतही जेवणाचा पुरावा सापडतो. तिथल्या एका रस्त्याकडेच्या खाद्यदुकानाची माहिती 2020 च्या डिसेंबरात जाहीर झाली. त्याच्या ओट्यातल्या रांजणांत बदक, डुक्कर, शेळी, मासे आणि गोगलगायींचे अवशेष मिळाले.

शाकाहारी प्रवाशाची सर्वात मोठी फसगत मात्र मांसाच्या पदार्थात होत नाही. ती डाळीत आणि भाजीत होते. रोमन स्वयंपाकात मिठाचे काम बऱ्याच अंशी एक माशांचा अर्क करी. त्याला गारुम किंवा लिक्वामेन म्हणत. लहान मासे आणि माशांची आतडी मिठात घालून उन्हात आठवडे, महिने मुरवायची आणि वर येणारा पिंगट द्रव गाळून घ्यायचा, अशी ही कृती. स्पेनच्या किनाऱ्यावर बाएलो क्लाउदिया येथे माशांच्या खारवणीचे दगडी हौद आजही पाहायला मिळतात. पॉम्पेईतल्या उम्ब्रिसियस स्कॉरस या व्यापाऱ्याने तर आपल्या घराच्या जमिनीवर गारुमच्या बरण्यांची मोझेक चित्रे करून घेतली होती. हा अर्क मसूर, हरभरे, भोपळा, कोबी अशा सगळ्यांत पडतो. एपिसियसच्या नाशपातीच्या पक्वान्नात मध आणि अंड्यांबरोबर तोही आहे. आजची भोजनगृहे त्याच्या जागी चेतारा गावची कोलातुरा, म्हणजे खारवलेल्या मांदेलीसारख्या माशांचा अर्क, नाहीतर आग्नेय आशियातला फिश सॉस वापरतात. कोकणी माशांवर वाढलेल्या जिभेला ही चव परकी वाटत नाही, उलट आवडतेच. पण माळकरी किंवा जैन घरातल्या माणसाला ते पहिल्या घासानंतर कळणे फार क्लेशाचे होते.

‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे सांगून हे टळत नाही, कारण वाढप्याच्या डोळ्यांपुढे मांसाचा तुकडा असतो, अर्क नसतो. इटलीत ‘नॉन मांजो ने कार्ने ने पेशे’, म्हणजे मांस खात नाही आणि मासेही खात नाही, असे म्हणावे. त्यापुढे गारुम आणि कोलातुरा ही दोन नावे घेऊन प्रत्येक पदार्थाबद्दल वेगळे विचारावे. युरोपीय संघाच्या 2014 च्या डिसेंबरपासून लागू असलेल्या नियमानुसार चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती भोजनगृहांनाही द्यावी लागते. मासे, अंडी, दूध, सेलरी आणि कवचाची फळे त्या चौदांत येतात. ती यादी मागितली की तोंडी आश्वासनावर विसंबावे लागत नाही. चीजबद्दलही विचारावे. पेकोरिनो रोमानो कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, त्यामुळे काटेकोर शाकाहाऱ्यांना ते चालत नाही. गरोदर स्त्रियांनी सताप घातलेले पदार्थ टाळावेत. ही वनस्पती रोमन मसाल्यात सर्रास असे आणि गर्भाला ती घातक ठरू शकते.

टाळण्यासारखे बरेच असले, तरी खाण्यासारखेही पुष्कळ उरते. गव्हाच्या जुन्या जातींची पेज, ऑलिव्ह, अंजीर, लसूण आणि कोवळ्या पाल्यात वाटलेले चीज, मध-खसखशीत घोळवलेले चीजचे तळलेले गोळे. हे गोळे आणि मधाचा चीजकेक रोमन लेखक कॅटोच्या शेतीविषयक ग्रंथात, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, नोंदलेले आहेत. चीजची शंका फिटली, तर साधी जेवणे आवडणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

काही चवी मराठी पाहुण्याला चटकन ओळखता येतात. एपिसियसच्या बहुतेक पदार्थांत मिरे आहेत आणि ते मलबारच्या बंदरांतून जात. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात एका रत्तलाचे दर दिले आहेत: काळे मिरे 4 दिनार, पांढरे 7 आणि पिंपळी 15. उत्तर आफ्रिकेतल्या सायरीनची सिल्फियम ही मसाल्याची वनस्पती नाहीशी झाल्यावर रोमनांनी तिच्याजागी इराणकडचा हिंग घेतला. फोडणीतल्या हिंगाचा वास त्या पदार्थांत स्पष्ट येतो. व्यापार दोन्ही बाजूंनी होता. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर येथून भडोचला जाणाऱ्या मालाचा, तसेच भडोचला उतरणाऱ्या इटालियन वाइनचा उल्लेख आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती त्याच संबंधांची साक्ष देते.

आडवे पडून जेवण्याची हौस फार थोडी ठिकाणे पुरवतात. जुन्या भोजनदालनात तीन बाके आणि प्रत्येकावर तिघे असत. डाव्या कोपरावर रेलून उजव्या हाताने खायचे. पाठीचा, मानेचा किंवा आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी नोंदणी करतानाच खुर्ची मागून घ्यावी. तासाभरात कोपर बधिर होते. वाइनचे भान मात्र सगळ्यांनीच ठेवावे. मध घातलेले मुल्सुम सरबतासारखे गोड लागते. मिरे, केशर आणि खजूर घातलेली कोंदितुम उकळलेली असते, म्हणून तिच्यात मद्य उरलेले नाही असे समजू नये. मूळ कृतीत बरीचशी वाइन उकळीनंतर मिसळतात. रोमन लोक वाइनमध्ये पाणी घालून पीत. आपणही तसे मागितले, तर कुणाला नवल वाटू नये.

शेवटी बिल. ठरावीक रकमेच्या मेजवानीत पेये, पोशाखाचे भाडे आणि करमणूक धरली आहे का, हे लेखी विचारावे. इटलीत माशाचा दर बहुधा शंभर ग्रॅमचा असतो, त्यामुळे रांधण्यापूर्वी वजन आणि एकूण रक्कम सांगायला लावावी. रोममध्ये 2019 साली दोन जपानी पर्यटकांना साध्या जेवणाचे 429 युरो पडले, त्यांत 80 युरो टिपेचे होते. रोम ज्या लात्सिओ प्रांतात येते तिथे माणशी बैठकशुल्क 2006 च्या कायद्याने बंद आहे, पण ब्रेडचे पैसे लावता येतात. नको असेल तर ब्रेड टेबलावर येताच परत पाठवावा. दरपत्रक बाहेर लावलेले नसेल आणि दारातला माणूस हाताला धरून आत नेऊ पाहत असेल, तर पुढचे भोजनगृह पाहावे. पैसे दिल्यावर छापील पावती घ्यावी. ती नाकारली, तर आर्थिक पोलिसांच्या 117 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.